शस्त्रक्रियेनंतरही निखळणारा खांदा

म्हैसूर शहरापासून पश्चिमेकडे सुमारे ८० किलोमीटर गेले म्हणजे, कोडगू जिल्ह्याची हद्द लागण्यापूर्वी, बैलकुप्पे हे गाव येते. १९५९ साली तिबेटमधून भारतात आलेल्या निर्वासितांपैकी काहींना तत्कालीन म्हैसूर राज्य सरकारने येथे सुमारे तीन हजार एकर जमीन दिली आणि १९६०-६१ पासून या वसाहतीची उभारणी सुरू झाली. प्रारंभीच्या रहिवाशांनी रान तोडून शेते तयार केली व मका पिकवला. ल्हासाजवळ १४१९ साली स्थापन झालेल्या सेरा मठाची पुनःस्थापना पुढे याच परिसरात झाली. १९६३ साली पेनोर रिंपोछे यांनी स्थापलेला नामद्रोलिंग मठही येथेच आहे. त्याचे सुवर्णमंदिर पाहण्यास प्रवासी मोठ्या संख्येने येतात; परंतु मानवी खांदा हा किती विलक्षण आणि किती नाजूक सांधा आहे हे ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी सेरा मठातील वादविवादाच्या प्रांगणाकडे वळावे.

सेरा मठ ज्या गेलुग परंपरेचा आहे, तिच्यात शास्त्राध्ययनाचा कणा म्हणजे वाद. उत्तर देणारा भिक्षू जमिनीवर बसतो. प्रश्न विचारणारा त्याच्यासमोर उभा राहतो. प्रश्न पुरा होताना तो डावा तळहात पुढे धरतो, उजवा हात खांद्याच्या वर आणि मागे नेतो, डावा पाय जमिनीवर आपटतो आणि त्याच क्षणी उजव्या हाताने डाव्यावर टाळी देतो. या हालचालींना अर्थ आहे. उजवा हात करुणेचा, डावा प्रज्ञेचा आणि टाळी ही दोहोंच्या संयोगाची खूण मानली जाते. 'गेशे' ही पदवी मिळेपर्यंत सुमारे दोन दशके अध्ययन चालते. तेवढ्या काळात ही टाळी किती हजार वेळा वाजत असेल याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. निरोगी खांदा हे सारे सहज सोसतो. परंतु ज्याचा खांदा पूर्वी निखळलेला आहे त्याच्या दृष्टीने टाळीच्या आधीची स्थिती, म्हणजे दंड वर उचललेला, बाहेरच्या बाजूस फिरलेला आणि मागे गेलेला अशी स्थिती, नेमकी धोक्याची असते. खांद्याची अस्थिरता तपासताना अस्थिशल्यतज्ज्ञ रुग्णाचा हात मुद्दाम आणि सावकाश याच स्थितीत नेतात व त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. वेदनेपूर्वीच चेहऱ्यावर भीती उमटली, तर निदान बहुतांशी झाल्यासारखेच असते.

एखाद्या तरुण भिक्षूचा खांदा पावसाळ्यात पायरीवरून घसरून किंवा खेळताना पडून निखळावा, पुढे तो वारंवार निखळू लागावा, त्यावर शस्त्रक्रिया व्हावी आणि वर्षा-दोन वर्षांत तो पुन्हा निखळावा, अशी कल्पना केली तर लक्षात येईल की हा प्रश्न केवळ दुखण्याचा नाही. ज्या अध्ययनासाठी त्याने घर सोडले, त्यातच त्याचा हात आड येतो. कुस्तीगीर, कबड्डीपटू, शिडीवर उभा राहून भिंती रंगविणारा कारागीर, यांची अडचण याच जातीची असते. शस्त्रक्रिया एकदा फसली म्हणजे रुग्ण दोन टोकांपैकी एकाकडे झुकतो. एक तर तो तातडीने दुसरी शस्त्रक्रिया मागतो, नाही तर सर्वच उपचारांवरचा त्याचा विश्वास उडतो. दोन्ही मार्ग चुकीचे ठरण्याचा संभव असतो, कारण मधला एक प्रश्न अनुत्तरित राहतो. पहिली शस्त्रक्रिया का फसली?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी सांध्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. खांदा हा शालेय पुस्तकांत उखळीचा सांधा म्हणून दाखविलेला असतो. खुब्याच्या सांध्याला ते नाव शोभते, कारण तेथे मांडीच्या हाडाचे डोके खोल खोबणीत बसलेले असते. खांद्याची खोबण मात्र उथळ बशीसारखी आहे. खवाट्याच्या हाडाच्या बाहेरच्या टोकास असलेल्या या बशीवर दंडाच्या हाडाचे गोल डोके टेकलेले असते आणि कोणत्याही एका क्षणी त्या गोलाच्या पृष्ठभागाचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्साच बशीला लागलेला असतो. शाळेतील लिंबू-चमच्याच्या शर्यतीची येथे आठवण व्हावी. बशीच्या कडेभोवती लवचिक कूर्चेचा एक काठ असतो. त्याने खोबण थोडी खोल होते. त्या काठालाच अस्थिबंध आणि सांध्याभोवतीची पिशवी, म्हणजे संधिकोष, जोडलेला असतो. त्याबाहेर चार लहान स्नायूंच्या कंडरांचे कडे असते. हे स्नायू डोक्याला बशीच्या मध्यावर दाबून धरतात. हात हलवू लागण्यापूर्वीच त्यांचे काम सुरू झालेले असते, आणि ते इतके नकळत चालते की ते बिघडेपर्यंत मनुष्याला त्याची जाणीवही नसते.

खांदा बहुधा पुढच्या व खालच्या बाजूस निखळतो. तसे होताना बशीचा पुढचा कूर्चेचा काठ हाडापासून सुटतो. जर्मन शल्यविशारद पेर्थेस यांनी १९०६ साली आणि लंडनच्या ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ साली या इजेकडे लक्ष वेधले. आज ती बँकार्ट यांच्या नावाने ओळखली जाते. सुटलेला काठ हाडाला पुन्हा शिवून टाकणे ही त्यांची शस्त्रक्रिया तत्त्वतः आजही केली जाते. फरक इतकाच की पुष्कळदा ती मोठा छेद न घेता दुर्बिणीच्या साहाय्याने होते. परंतु निखळताना आणखी एक गोष्ट घडते. दंडाच्या हाडाच्या डोक्याची मागची बाजू बशीच्या टणक कडेवर आपटून तेथे खाच पडते. हिल आणि सॅक्स या दोघा अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञांनी १९४० साली तिचे वर्णन केले. उलट बशीची पुढची कडही प्रत्येक वेळी थोडीथोडी झिजते किंवा तिचा तुकडा उडतो. म्हणजे लिंबू एका बाजूने चेचलेले आणि चमच्याची कड तुटलेली, अशी दुहेरी हानी होऊन बसते.

शस्त्रक्रिया फसण्याच्या कारणांत हाडाची ही झीज सर्वात महत्त्वाची समजली पाहिजे. स्टीफन बर्कहार्ट आणि ज्यो डी बीअर यांनी २००० साली १९४ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. या सर्वांवर दुर्बिणीद्वारे बँकार्ट पद्धतीची शस्त्रक्रिया झालेली होती. ज्यांच्या हाडात मोठी उणीव नव्हती, त्यांच्यापैकी केवळ ४ टक्क्यांचा खांदा पुन्हा अस्थिर झाला. ज्यांच्या हाडात मोठी उणीव होती, त्यांच्यात हेच प्रमाण ६७ टक्के निघाले. शल्यविशारद तेच, टाके तेच, आणि परिणामात मात्र एवढे अंतर. शिवण कितीही कुशलतेची असली तरी ती जेथे हाडच उरलेले नाही तेथे हाडाचे काम करू शकत नाही, हे यावरून स्पष्ट झाले. जपानचे इतोई आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली या विचाराला पुढचे वळण दिले. हात वर व मागे नेला असता डोक्याच्या पृष्ठभागावर बशीचा जो पट्टा उमटतो, त्या पट्ट्याच्या आत खाच राहिली तर ती निरुपद्रवी असते. पट्ट्याबाहेर गेली तर ती कडेवरून घसरते आणि खांदा निखळतो. बशी झिजून अरुंद झाली की पट्टाही अरुंद होतो. म्हणून तीच खाच एका रुग्णात निरुपद्रवी व दुसऱ्यात घातक ठरते. साध्या क्ष-किरण चित्रात हे नीट दिसत नाही, त्यासाठी सी. टी. स्कॅनवरून हाडाची त्रिमितीय प्रतिमा तयार करून मोजमाप घ्यावे लागते. बशीची २० ते २५ टक्के रुंदी गेली असेल तरच हाड भरावे असा पूर्वीचा दंडक होता. अलीकडे १५ टक्क्यांच्या आसपासची झीजही अनेक तज्ज्ञ गंभीर मानतात.

चुकीच्या जागी केलेला उपचार ही तक्रार मात्र फार जुनी आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याच्या नावाने चालत आलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात वारंवार निखळणाऱ्या खांद्याचे विवेचन आहे. या व्याधीमुळे कित्येकांना आखाड्यातील स्पर्धा सोडाव्या लागल्या व कित्येक युद्धात प्राणास मुकले, असे तेथे म्हटले आहे. त्या काळी तापलेल्या लोखंडाने डाग देऊन त्वचा व खालचे पदार्थ आवळून घेण्याची रीत होती. ग्रंथकाराचा आक्षेप असा की इतर वैद्य खांद्याच्या माथ्यावर, पुढे किंवा मागे डाग देतात, आणि सांधा तर काखेकडे सुटतो; अशा डागण्याने बाहेर पडण्याची वाट बंद होण्याऐवजी अधिकच मोकळी होते. डाग काखेत दिला पाहिजे, असे तो सांगतो. उपाय आज कोणी करणार नाही, पण त्यामागील तर्क आजच्या तज्ज्ञालाही मान्य होईल. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतील भग्नचिकित्सेत निखळलेला खांदा काखेत मुसळ घालून वर उचलावा आणि जागी बसल्यावर स्वस्तिकबंधाने बांधावा, असे सांगितले आहे. बसविण्याची ती युक्ती होती. पुन्हा पुन्हा निखळण्याचा प्रश्न त्यापुढचा.

बोस्टनचे कार्टर रो आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली हाच तर्क आधुनिक शस्त्रक्रियेला लावला. फसलेले खांदे पुन्हा उघडून पाहताना बहुतेकांत त्यांना बँकार्ट यांची इजा तशीच, न शिवलेली आढळली. पहिल्या शस्त्रक्रियेत दुसरेच काही आवळले गेले होते. विसाव्या शतकाच्या मध्यास पुढचा स्नायू आवळून हात बाहेरच्या बाजूस फिरूच द्यायचा नाही अशा पद्धती लोकप्रिय होत्या. त्यांनी खांदा निखळणे पुष्कळदा थांबले; परंतु हात जखडला आणि काही वर्षांनी सांधा झिजून दुखू लागला, असेही अनेकांच्या बाबतीत घडले.

कधी दोष शस्त्रक्रियेचा नसतोच. रुग्ण पुन्हा जोराने पडला, तर उत्तम शिवणही उसवते. काही माणसांचे सर्वच सांधे जन्मतः सैल असतात. अंगठा मनगटाला टेकतो, कोपर उलट वाकते; त्यांचा संधिकोष शिवला तरी पुन्हा ताणतो. ज्यास अपस्माराचे झटके येतात त्याचा खांदा झटक्याच्या जोराने निखळतो, म्हणून झटके आटोक्यात आणल्याशिवाय शस्त्रक्रियेस हात घालू नये. शस्त्रक्रियेनंतर खांदा सतत ठणकत राहिला, तर संथपणे वाढणाऱ्या जंतूंचा संसर्गही मनात आणावा लागतो. हे जंतू प्रयोगशाळेतील तपासणीत उशिरा दिसतात, म्हणून नमुना सुमारे दोन आठवडे राखून ठेवण्यास सांगावे लागते.

आणखी एक कारण फार वेळा नजरेतून सुटते. काही रुग्णांत काठ सुटलेला नसतो, हाडही शाबूत असते. बिघडलेला असतो तो स्नायूंचा मेळ. हात उचलताना छातीचा किंवा पाठीचा मोठा स्नायू अवेळी आकसतो आणि डोक्याला बशीवरून ओढून काढतो. लंडनजवळील स्टॅनमोर येथील अस्थिरोग रुग्णालयातील तज्ज्ञांनी म्हणूनच अस्थिरतेचा विचार त्रिकोणाच्या तीन कोनांनी करण्याची पद्धत सुचविली: इजेमुळे आलेली, इजेविना रचनेतील सैलपणामुळे आलेली आणि स्नायूंच्या चुकीच्या सवयीमुळे आलेली. एकच रुग्ण काळाच्या ओघात एका कोनाकडून दुसऱ्याकडे सरकू शकतो. तिसऱ्या कोनाजवळच्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली तर ती फसते. दुसरी केली तर तीही फसते, आणि प्रत्येक वेळी व्रण वाढतो. इजेविना आलेल्या अस्थिरतेत संधिकोष आवळण्याची तुलना देखाव्यापुरत्या शस्त्रक्रियेशी करणारी एक चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, आणि तीत खऱ्या शस्त्रक्रियेचा अधिक लाभ दिसून आला नाही. अशा रुग्णाला लागतो तो कुशल व्यायामोपचारतज्ज्ञ आणि काही महिन्यांचा धीर.

तेव्हा दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी तपास पूर्ण झाला पाहिजे. पहिल्यांदा खांदा कशाने निखळला, शस्त्रक्रियेनंतर तो किती दिवसांनी व कोणत्या हालचालीत निखळला, आता झोपेतही निसटतो काय, हे विचारावे लागते. सहा महिन्यांच्या आत काही विशेष न घडता निखळला असेल तर दोष निदानात, शिवणीत किंवा नंतरच्या काळजीत असण्याचा संभव अधिक. तीन वर्षांनी जोरात पडल्यामुळे निखळला असेल तर ती एक नवी इजाच समजावी. पहिल्या शस्त्रक्रियेचा लेखी वृत्तान्त आणि त्यापूर्वीची क्ष-किरण चित्रे यांना येथे फार मोल आहे. कोणत्या प्रकारचे टाके वा स्क्रू घातले आहेत हे ठाऊक नसले तर पुढचा शल्यविशारद अंधारात चाचपडतो. बैलकुप्पेसारख्या ठिकाणी वसाहतीतील रुग्णालयात प्राथमिक उपचार होतात. अवघड शस्त्रक्रियेसाठी म्हैसूर किंवा बंगळूर गाठावे लागते. रुग्ण एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो आणि कागद मागे राहतात. ते स्वतःजवळ ठेवण्याची सवय रुग्णाने लावून घ्यावी.

खांदा पुन्हा निखळलाच तर तो स्वतः ओढून बसविण्याचा किंवा मित्राकडून हिसका देवविण्याचा मोह आवरावा, विशेषतः शस्त्रक्रिया झालेल्या खांद्याच्या बाबतीत. हात झोळीत आधाराने ठेवून रुग्णालय गाठावे. दंडाच्या वरच्या बाहेरील भागावर, गणवेशाचा बिल्ला जेथे लावतात तेथे, स्पर्श कळेनासा झाला असेल तर तेथील मज्जातंतू ताणला गेला असण्याचा संभव असतो. हे सांधा बसविण्यापूर्वी आणि नंतरही तपासले पाहिजे.

हाड शाबूत, इजा स्पष्ट आणि पहिली शिवण अपुरी, अशी स्थिती असली तर काठ पुन्हा शिवणे पुरते. मागची खाच मोठी असेल तर तिच्यात मागचा कंडरा बसवून ती बुजविता येते. बशीची कड झिजलेली असेल तर मात्र हाड घालावे लागते. त्यासाठी सर्वात रूढ पद्धत ल्याँ येथील मिशेल लातार्जे यांनी १९५४ साली वर्णिलेली आहे. खवाट्याच्या हाडाला पुढच्या बाजूस कावळ्याच्या चोचीसारखा एक बाक असतो. ही काकचंचू तिच्यावरील स्नायूंसह कापून बशीच्या पुढच्या कडेला स्क्रूने बसवितात. त्यामुळे बशी रुंद होते, आणि हात वर व मागे गेला की चोचीला लटकलेले स्नायू डोक्यासमोर पट्ट्यासारखे ताणले जातात. म्हणजे धोक्याच्या नेमक्या स्थितीतच आधार मिळतो. हीसुद्धा फसली, तर कमरेच्या हाडाचा तुकडा आणून कड बांधावी लागते. त्या वेळी शरीररचना बदललेली असते, मज्जातंतू व्रणात अडकलेले असतात आणि त्यांना इजा होण्याचे भय वाढते. सर्व उपाय थकले तर सांधा कायमचा जुळवून टाकणे हा अखेरचा मार्ग. तसे केल्यावरही खवाटा पाठीवर सरकत असल्याने हात तोंडापर्यंत पोचतो. डोक्यावर मात्र सहसा जात नाही.

प्रत्येक पुढची शस्त्रक्रिया मागच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी देते, हे रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. पहिल्याच वेळी योग्य पद्धत निवडण्याचे महत्त्व यातच आहे. फ्रान्सचे बाल्ग आणि ब्वालो यांनी २००७ साली त्यासाठी एक गुणपद्धती मांडली. वय वीस वा त्याहून कमी, स्पर्धात्मक पातळीवरील खेळ, हात वर फेकण्याचा वा अंगाला भिडण्याचा खेळ, सांध्यांचा सैलपणा, क्ष-किरण चित्रात दिसणारी खाच आणि झिजलेली कड, यांना मिळून १० गुण. त्यांच्या पाहणीत ६ पेक्षा अधिक गुण असणाऱ्यांत केवळ दुर्बिणीने काठ शिवला असता सुमारे ७० टक्के खांदे पुन्हा अस्थिर झाले. वादाच्या प्रांगणातील टाळी हा खेळ नव्हे, त्यामुळे गुण मोजणाऱ्या डॉक्टरला ती सुचणारही नाही. रुग्णानेच ती करून दाखवावी.

शस्त्रक्रिया न करण्याचा पर्यायही खराखुरा पर्याय आहे. स्वीडनमध्ये १९७८-७९ साली प्रथमच खांदा निखळलेल्यांची पंचवीस वर्षे नोंद ठेवण्यात आली. बारा ते पंचवीस या वयोगटातील शस्त्रक्रिया न झालेल्या खांद्यांपैकी सुमारे निम्मे पुन्हा निखळले नाहीत किंवा काळाबरोबर स्थिर झाले. हे आकडे शस्त्रक्रिया फसलेल्या खांद्यांचे नाहीत, तरी वयाबरोबर सांधा काहीसा घट्ट होतो ही गोष्ट त्यांतून दिसते. दुसरीकडे, तो जितक्या वेळा निखळेल तितकी कड झिजत जाते, म्हणून नुसते वाट पाहणे हा उपचार होत नाही. तीन ते सहा महिने खवाट्याच्या स्नायूंचे आणि आतील कड्याचे शिस्तबद्ध व्यायाम करावे आणि मग निर्णय घ्यावा, हे पुष्कळ रुग्णांसाठी शहाणपणाचे असते.

नित्याच्या आचरणात काय बदलावे हेही इजेच्या दिशेवरून ठरते. पुढे निखळणाऱ्या खांद्याला टाळीची पूर्वस्थिती वाईट. साष्टांग नमस्काराचे तसे नाही. नामद्रोलिंग ज्या न्यिंग्मा परंपरेचा आहे, तिच्यात साधनेच्या आरंभी एक लाखाहून अधिक नमस्कार घालतात. हात पुढे टेकून शरीर उचलताना डोके मागच्या बाजूस ढकलले जाते. म्हणून मागे निखळणाऱ्या खांद्याला तो भार सोसत नाही. कपाळ, दोन तळहात आणि दोन गुडघे टेकण्याचा पंचांग नमस्कार तिबेटी परंपरेतही मान्य आहे. उपचारकाळात तो पुरेसा समजावा की नाही हे आचार्यांनी ठरवावयाचे. वैद्यकाचा त्याला पूर्ण पाठिंबा राहील.

हाड बसविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात झोळीत राहतो. तुकडा सांधला आहे हे तपासणीत दिसल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, जोर लावण्याचे व्यायाम सुरू होतात. वेगाने हात वर नेऊन आपटण्याची मुभा बहुधा पाच-सहा महिन्यांनंतर मिळते. तोपर्यंत उभ्याने प्रश्न विचारता येणार नाहीत. बसून उत्तरे देणाऱ्याला मात्र हात उचलावा लागत नाही. हल्ले त्याच्यावर होतात आणि शास्त्रवचने त्यालाच आठवावी लागतात, परंतु खांद्याच्या दृष्टीने ती जागा पहिल्या महिन्यापासून सुरक्षित आहे.